दिवा लावलेली साखर

आमच्या लॅबमध्ये जे बनवायचं असतं ते बहुतेक वेळा बनत नाही. किस्से मात्र कुणी न सांगता बनतात, आणि तेसुद्धा एकदम शुद्ध, गाळायचीही गरज नाही! परवा मालवणात एका मैत्रिणीकडे चहाला गेले होते. तिने सहज विचारलं, "दिवसभर त्या बंद खोलीत तुमी करतास तरी काय गो?" मी एक सांगायला घेतला, त्याला दुसरा चिकटला, दुसऱ्याला तिसरा. चहाची दोन आधणं झाली तरी कोणी उठेना. म्हटलं, एकदा सगळे एका जागी सांगून टाकावेत.

तर आमची लॅब कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत, एका काजू फॅक्टरीच्या शेजारी. माणसं चारच. सामंत मॅडम प्रमुख. पुण्यातली चांगली नोकरी सोडून गावाकडे येऊन त्यांनी ही लॅब काढली. मग सुहास, आचऱ्याचा. ऋचा, नागपूरची. आणि मी, मृणाल, मालवणहून रोज एसटीने ये-जा करणारी. कामाचं नाव आहे ग्लायकोलिपिड. म्हणजे साखर आणि चरबी जोडून केलेला एक रेणू. हा रेणू दिसला की अंगातल्या काही संरक्षक पेशी खडबडून जाग्या होतात. त्या कशा जाग्या होतात ते बघता यावं म्हणून आम्ही रेणूला एक चमकणारा तुकडा जोडतो. थोडक्यात, साखरेला दिवा लावतो!

*

हे सगळं मी पहिल्यांदा आईला समजावलं तो दिवस.

"आई, एका बाजूक साखर. दुसऱ्या बाजूक चरबी. दोन्ही घट्ट जोडूची."

"साखर आणि तूप?"

"तसाच समज."

आईने हातातली विळी बाजूला ठेवली. "मगे ते लाडूच मां! इतक्यासाठी पीएचडी कित्याक होयी? माझ्याकडे बसलं आसतंस तरी जमला आसता!"

मी हे लॅबमध्ये सांगितलं. सगळे हसले, मॅडम हसल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या.

पुढच्या महिन्यात अनुदानासाठी समितीसमोर बोलायचं होतं. मॅडम स्लाइड्सवर स्लाइड्स दाखवत होत्या आणि समोरचे एक ज्येष्ठ सभासद शांतपणे डुलक्या घेत होते. मॅडम मध्येच थांबल्या. लेझर खाली ठेवला आणि म्हणाल्या, "थोडक्यात, आम्ही दिवा लावलेला लाडू बनवतो."

सभासदांनी खाडकन डोळे उघडले. "कसला लाडू?"

तिथून पुढे अर्धा तास प्रश्न त्यांनीच विचारले, आणि चांगले विचारले! अनुदान मंजूर झालं. निघताना ते मॅडमजवळ येऊन हळूच म्हणाले, "सॅम्पल मिळेल का?"

*

आमच्याकडे पदार्थ तयार झाला की नाही हे बघायची एक सोपी रीत आहे. पांढऱ्या पट्टीवर त्याचा थेंब ठेवायचा, पट्टी द्रावणात उभी करायची आणि मग अतिनील दिव्याखाली धरायची. जितके पदार्थ, तितके ठिपके. त्या अंधाऱ्या कपाटात डोकं घालून ठिपके मोजण्यात आमचं अर्धं तारुण्य गेलं.

एकदा सुहासच्या पट्टीवर एक नवाच ठिपका दिसायला लागला. हिरवट-पिवळा, सुंदर! सकाळच्या पट्टीवर नसायचा, दुपारच्या पट्टीवर हजर. मॅडमना भलताच उत्साह आला. दुपारी उकाडा वाढतो, त्या उकाड्यात काहीतरी वेगळीच रिॲक्शन होत असणार, असा तर्क त्यांनी मांडला. सुहास तर नव्या रेणूला आजीचं नाव द्यायच्या तयारीत होता.

आठवडाभर आम्ही त्या ठिपक्याच्या मागे. शेवटी ऋचाच्या लक्षात आलं, "मॅडम, तोच पदार्थ मी दुपारी तपासला, तर माझ्या पट्टीवर ठिपका नाहीये."

मॅडमनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. सुहासला म्हणाल्या, "दुपारच्या पट्ट्या तू कधी कापतोस?"

"जेवून आल्यावर, मॅडम."

"ग्लोव्ह्ज घालून?"

"काम करताना घालतो मॅडम. कापताना कशाला…"

"हात दाखव. तिकडे नाही, दिव्याखाली."

सुहासने हात कपाटात घातला. पाचही बोटं लखलख करत होती. हिरवट-पिवळी, सुंदर!

"काय जेवलास?"

"बांगड्याचा तिखला, मॅडम. पण हात दोनदा धुतलंय! साबणान!"

तिखल्यातली हळद कुठली साबणाला दाद देते! मॅडम त्या बोटांकडे कौतुकाने बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता महागड्या मशीनवर तपासायची गरज नाही. आईला रेसिपी विचार."

*

ऋचा नवीन आली तेव्हा तिला मालवणी अजिबात कळत नसे. पदार्थ शुद्ध करायला आम्ही काचेची लांब नळी वापरतो. वरून मिश्रण ओतायचं, खालून एकेक घटक निथळत येतो. आमच्या रेणूला उजेड सोसत नाही, म्हणून खोलीत मिणमिणता लाल दिवा. त्या दिव्यात रंग काही कळत नाहीत.

सुहास स्टुलावर चढून हातात अतिनील टॉर्च घेऊन नळीवर नजर ठेवून होता. ऋचा खाली बाटल्या धरून बसलेली. मॅडमनी तिला सकाळीच बजावलं होतं, "आधी पिवळी घाण येईल. ती सगळी फेकून द्यायची."

बराच वेळ काही नाही. मग आमचा चमकणारा पदार्थ खाली सरकताना दिसला आणि सुहास आनंदाने ओरडला, "इलो! इलो!"

म्हणजे आला, आला!

ऋचाने ऐकलं, "येलो! येलो!"

आणि तत्परतेने बाटली मोरीजवळच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये ओतली. सुहास वरून ओरडतोय, "अगो इलो मां!" आणि ही खालून, "हो रे, फेकतेय ना! अजून येलो आहे का?"

नशीब, कॅन त्याच दिवशी धुतलेला होता. पदार्थ परत काढता आला, पण दोन दिवस गेले. ऋचाने सुहासला हात जोडून सांगितलं, "बाबा रे, माझ्याशी शुद्ध मराठीत बोल."

पुढच्या वेळी पुन्हा तोच अंधार, तेच स्टूल. थोड्या वेळाने वरून गंभीर आवाज आला, "महोदया, पदार्थाचे आगमन झालेले आहे."

ऋचा इतकी हसली की बाटलीच हातातून सुटली!

*

आमच्या भागात वीज जाते. कोकणात वीज जाते ही काही बातमी नव्हे. पण आमची एक रिॲक्शन अशी आहे की ती कडाक्याच्या थंडीतच करावी लागते आणि थंडावा देणाऱ्या मशीनला वीज लागते. एकदा ऐन मोक्याला दिवे गेले आणि जनरेटरनेही मान टाकली. सुहासने लाइनमन राऊळना फोन लावला. जवळजवळ रडतच म्हणाला, "राऊळनू, मेली हो! तुमी लाइट घालवलात आणि हय मेली!"

पलीकडून फोन कट.

पाच-दहा मिनिटांत राऊळ मोटरसायकलवरून दारात, मागे आणखी एक माणूस. घामाने निथळत विचारतात, "कोण मेली? खंय आसा?"

सुहासने फ्लास्क दाखवला. आतलं पाणी चहासारखं तांबडं झालेलं. राऊळ फ्लास्ककडे बघत राहिले, मग मटकन खुर्चीवर बसले. आम्ही त्यांना पाणी दिलं. ओरडतील असं वाटलं होतं. पण भला माणूस! म्हणाले, "ह्या परत करूक किती दिस लागतत?"

"तीन आठवडे."

त्यांना खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून दुरुस्तीसाठी वीज बंद करायची असली की राऊळ आधी फोन करायचे, "मॅडम, चुलीवर काय आसा काय?" आमची रिॲक्शन चालू असली तर म्हणायचे, "होऊ दे सावकाश. झाली की मिस्ड कॉल द्या."

ही व्यवस्था आमच्या चौघांशिवाय कुणाला माहीत नाही असा आमचा समज होता. एक दिवस दुपारी बर्फाच्या कारखान्याचे मालक दारात उभे. ओळख ना पाळख.

"मॅडम, तुमची झाली काय हो? माझी लाइन जोडूक राऊळ खांबार चढान बसलो हा आणि माझो बर्फ खोळंबलो हा!"

*

तयार झालेला पदार्थ पेशींवर तपासायला गोव्याला न्यावा लागतो. तिथे डॉक्टर कामत म्हणून आहेत, त्यांच्याकडे पेशी बघायची मशीन आहे. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, बर्फात फॉइलमध्ये गुंडाळून सील केलेल्या दोन छोट्या बाटल्या. महिनोन् महिन्यांचं काम करंगळीएवढ्या बाटलीत! ती पेटी घेऊन मी एसटीत बसले.

आपल्याकडे एसटीत थर्माकोलची पेटी म्हणजे काय, हे कुणाला सांगायला लागत नाही. शेजारी एक मावशी येऊन बसल्या, हातात टोपली.

"चेडवा, काय सुरमय?"

"नाय मावशी, गोव्याच्या एका डॉक्टरांसाठी औषध आसा."

"बर्फ आसा मां आत?"

"आसा."

"मगे वायच जागा दी गो. लेकीसाठी दोन पापलेटा घेतलंय, सावंतवाडीपर्यंत ऱ्हवची नाय ह्या गरमेत."

नाही कसं म्हणायचं? पापलेटं पिशवीत नीट बांधलेली होती. ठेवली. पुढे मला डोळा लागला. सावंतवाडीला मावशी टोपली घेऊन घाईघाईत उतरल्या असणार. मला जाग आली ती थेट गोव्यात.

डॉक्टर कामतांनी विद्यार्थ्यांना गोळा करून पेटी उघडली. मी त्यांना रेणूबद्दल सांगतच होते. त्यांनी दोन बाटल्या बाहेर काढल्या. मग पिशवी काढली, उलगडली, आणि दोन्ही पापलेटं टेबलावर बाटल्यांशेजारी ओळीने मांडली. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, "मृणाल, पुढच्या वेळी बाटल्या विसरलीस तरी चालेल."

पंधरा दिवसांनी त्याच एसटीत मावशींनी मला गाठलं. "माझी पापलेटा खंय गो?"

मी ओशाळून म्हटलं, "मावशी, डॉक्टरांनी खाल्ली."

मावशींचा चेहरा एकदम मऊ झाला. "खाऊ दे, खाऊ दे. मगे आता बरे आसत मां ते?"

*

या जातीचा पहिला रेणू माणसाला सापडला तो समुद्रातल्या स्पंजमध्ये. सुहासने ही गोष्ट घरी सांगितली, हीच चूक. त्याचे काका, बाबूकाका, आचऱ्याला स्वतःची होडी घेऊन मासे मारतात. त्यांना वाटलं, पुतण्या एवढा शिकला, स्पंजविना अडलाय, आणि आपल्या जाळ्यात तर तो रोज अडकतो!

एका सकाळी रिक्षातून पोतं उतरलं. वैशाखाचं ऊन. पोत्यातून पाणी गळत होतं आणि वास असा, की शेजारच्या काजू फॅक्टरीतल्या बायका पदर नाकाला लावून बाहेर आल्या.

बाबूकाकांनी पोतं थेट मॅडमच्या टेबलाजवळ आणून ठेवलं. "घ्या! ह्येच्यात तुमचा औषध आसा. काढा!"

मॅडमनी श्वास रोखून त्यांना खुर्ची दिली. फार आदराने समजावलं, की काका, आता स्पंज लागत नाही. त्यातला रेणू कसा आहे ते शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय, आम्ही तसाच रेणू इथे फ्लास्कमध्ये बनवायचा प्रयत्न करतो. जमेल एक दिवस.

काका विचारात पडले. "म्हणजे दर्यान केल्यान, ता बगान तुमी तसाच करतास?"

"हो."

"म्हणजे कॉपी."

"तसंच म्हणा."

काकांनी आम्हा चौघांवरून नजर फिरवली. पोतं उचलून खांद्यावर टाकलं आणि दारातून म्हणाले, "कॉपी करून पण पास होनास नाय?"

*

काका बोलले ते खरंच होतं. आमची अडचण अशी होती: रेणूला दिवा लावला, की पेशी त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. दिवा काढला, की पेशी जाग्या व्हायच्या, पण मग आम्हाला काही दिसायचं नाही! दिवा कधी या टोकाला, कधी त्या टोकाला लावून बघितला. दोन वर्षं गेली. मॅडमनी एक दिवस शांतपणे सांगितलं, ही खेप शेवटची. नाही जमलं तर प्रकल्प बंद. ऋचाने घरी फोन करून परत येण्याबद्दल बोलूनही ठेवलं होतं.

त्या खेपेला आम्ही दिवा रेणूला अगदी चिकटून न लावता लांब दोरीने बांधावा तसा जोडला आणि चौघंही गोव्याला गेलो. चाचणीला ताजं रक्त लागतं, त्यातल्या पेशींवर आमचा रेणू सोडतात. आम्ही तिघांनी आधी कधी ना कधी रक्त दिलेलं होतं. मॅडमनी मात्र कधीच नाही. "प्रमुखाने देऊ नये, पूर्वग्रह येतो," असं त्या म्हणायच्या. आम्हाला ते पटायचंसुद्धा!

पण झालं असं, की आदल्याच आठवड्यात आम्ही तिघं एका लग्नाला जाऊन सर्दी-ताप घेऊन आलो होतो. डॉक्टर कामतांनी ज्या विद्यार्थ्याला तयार ठेवला होता, तोही शिंकत आला. बाकीचे विद्यार्थी सुट्टीवर, आणि कामतांना स्वतःला औषधं चालू होती.

"अशा रक्ताचा उपयोग नाही," कामत म्हणाले. "आजारी माणसाच्या पेशी आधीच जाग्या असतात. निरोगी माणूस हवा."

सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं.

मॅडम उठल्या. मला बाजूला घेऊन गेल्या. ज्या बाईने ॲसिडच्या वाफा, समितीचे सभासद आणि कुडाळचा उन्हाळा यांना कधी भीक घातली नाही, ती माझ्या कानात म्हणाली, "मृणाल, मला सुईची फार भीती वाटते गं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि मन गुंतवायला म्हणून रेणू बनवायची सगळी कृती मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. "आधी साखर घ्यायची. तिचे नको तिथे चिकटणारे हात बांधून ठेवायचे. मग थंड करायचं. मग चरबीचा तुकडा, थेंब थेंब, घाई नाही करायची…"

नर्सने रक्त घेतलं, कापूस लावला, ट्रे उचलून ती निघूनही गेली. मॅडम चालूच. "…मग दिवा जोडायचा. हळू. आता बांधलेले हात सोडवायचे…" त्यांना थांबवायला कुणाचा जीव होईना. पार शेवटच्या धुण्यापर्यंत पोचल्या, तेव्हा एक डोळा किलकिला करून म्हणाल्या, "सुरू केलं का तिने?"

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल. डॉक्टर कामत स्क्रीनसमोर, आम्ही त्यांच्या मागे. त्यांनी पुन्हा एकदा मशीन चालवलं. मग खुर्ची बाजूला सरकवून म्हणाले, "तुम्हीच बघा."

काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके. आमचा दिवा पेशींनी उचलला होता आणि त्याच वेळी त्या जाग्याही झाल्या होत्या! ऋचा रडायलाच लागली. सुहास नाक पुसत म्हणाला, "मॅडमच्या पेशी त्या! जाग्या न होऊन सांगतात कुणाला?"

एरवी या वाक्याला त्याला तासभर ऐकून घ्यावं लागलं असतं. पण मॅडमचं लक्षच नव्हतं. त्या तशाच उठून व्हरांड्यात गेल्या आणि घरी फोन लावला. त्यांची आई आता नव्वदीला आली आहे, ऐकायला कमी येतं, म्हणून दोन्हीकडून ओरडून बोलणं. दार उघडंच होतं. मॅडम मालवणी बोलतात हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"आये! आये, ऐकतंस? माझा रगात पेटला गो! माझा रगात पेटला!"

पलीकडून म्हातारीचा खणखणीत आवाज आम्हाला आतपर्यंत ऐकू आला.

"उष्णता झाली आसतली. दोन दिस सोलकढी पी!"